वॉटरप्रूफ प्लाय फुगतो कसा?

गेल्या श्रावणात सिंकखालचं दार बंद होईना. आधी वाटलं बिजागरी सैल झाली. पेचकस घेऊन दोन्ही बिजागऱ्या आवळल्या, तरी खालचा कोपरा अडकतच होता. मग फिनेलची बाटली, कचऱ्याच्या पिशव्या, भंगारात द्यायचे म्हणून ठेवलेले डबे असं सगळं बाहेर काढलं आणि टॉर्च मारला. सांडपाण्याचा पाइप जाण्यासाठी खालच्या फळीला जे भोक पाडलंय, त्याच्याभोवती प्लाय चिरोट्यासारखा उलगडला होता. बोट लावलं तर पापुद्रा हातात आला. पट्टी लावून मोजलं. १८ मिलिमीटरची फळी भोकाच्या कडेला २५ झाली होती, आणि तिथून वीतभर अंतरावर तीच फळी ठणठणीत, १८ची १८.

हा प्लाय बिलावर 'वॉटरप्रूफ' म्हणून लागला होता आणि पैसेही त्याच हिशेबाने मोजले होते. फसवणूक झाली असं वाटून मी आमच्या सुताराला बोलावलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, प्लाय चांगलाच आहे. भोक कच्चं राहिलंय."

त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेताना मला जे कळलं ते इथे मांडतेय. कारण फेब्रुवारी २०२५पासून केंद्र सरकारने प्लायवूडला आयएसआय चिन्ह सक्तीचं करायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून घराचं काम काढणारा प्रत्येक जण विचारतो, "आता सगळा प्लाय आयएसआयच मिळणार ना, मग काळजी कसली?" काळजी आहे. फक्त ती बहुतेक जण चुकीच्या जागी करतात.

उसाची मोळी, चिरोटा आणि रव्याचा लाडू

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून पाणी वर चढतं. झाड कापून, वाळवून, रंधा मारून त्याचं टेबल केलं तरी नळ्या तशाच राहतात. नळीच्या बाजूने पाणी हळूहळू मुरतं, पण कापलेल्या तोंडातून सरळ आत ओढलं जातं. ओलं झालेलं लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. म्हणून जुलैमध्ये घराचं लाकडी दार चौकटीत अडकतं ते रुंदीत. दार उंच झालं असं कुणी म्हणत नाही.

हे आडवं फुगणं रोखण्यासाठी प्लाय जन्माला आला. ओंडका मोठ्या पात्यावर फिरवून, पेन्सिलला टोक काढताना निघते तशी, पातळ सलग पट्टी सोलतात. तिचे तुकडे एकावर एक चिकटवतात, पण एकाच्या नळ्या उभ्या तर पुढच्याच्या आडव्या. थर नेहमी विषम, म्हणजे ५, ७, ९, ११, १३. उभा थर आडव्याला फुगू देत नाही आणि आडवा उभ्याला. त्यामुळे प्लाय लांबी-रुंदीत जागचा हलत नाही. आता त्याला फुगायला एकच दिशा उरते, ती म्हणजे जाडी. माझी १८ची फळीही २५ झाली ती याच दिशेने.

एमडीएफ हा वेगळा पदार्थ. लाकडाचा अगदी बारीक तंतू करून, डिंक घालून दाबलेला. चिरोट्यापुढे रव्याचा लाडू म्हणा. आत थर नाहीत, त्यामुळे त्यावर नक्षी कोरता येते आणि रंग काचेसारखा बसतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे चुरमुऱ्याचा लाडू: जाड कण, मधे फटी, वजनाला हलका, खिशालाही हलका. चिरोटा भिजला तर पापुद्रे सुटतात, लाडू भिजला तर लाडूच राहत नाही. साधा एमडीएफ एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ आकाराला येत नाही. हल्ली 'एचडीएचएमआर' नावाचा जास्त दाबलेला, ओल बऱ्यापैकी सोसणारा बोर्ड मिळतो. दारांसाठी तो छान, पण ओल सोसणं आणि पाण्यात बसणं यात फरक आहे.

वॉटरप्रूफ काय आहे, लाकूड की डिंक?

डिंक.

दुकानात तीन नावं ऐकू येतात. एमआर म्हणजे हवेतली ओल सोसणारा. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला काही तास तोंड देणारा. आणि बीडब्ल्यूपी, ज्याला दुकानदार 'मरीन' किंवा '७१०' म्हणतात, कारण त्याच्या मानकाचा क्रमांक आयएस ७१० आहे. ही सगळी प्रतवारी मुख्यतः थर चिकटवणाऱ्या डिंकाची आहे. एमआरमध्ये युरियाचा स्वस्त डिंक असतो, मरीनमध्ये फिनॉलचा. मरीनच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि बाहेर काढल्यावर थर सुटले का ते बघतात. तीन दिवस उकळून थर सुटले नाहीत, म्हणजे डिंक खरोखर जबरदस्त. पण त्या तीन दिवसांत आतलं लाकूड पाणी पीतच असतं. लाकडाची ती सवय डिंक मोडू शकत नाही.

शिवाय पाणी आत आलं की एकटं राहत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर काही काळ टिकली की बुरशीला घर मिळतं, आणि बुरशीला डिंकाशी देणंघेणं नसतं, ती लाकूडच खाते. वाळवीचंही तसंच. उत्तम डिंकाचा प्लाय वाळवीला चालतो, जोवर आतल्या थरांना वाळवी-प्रतिबंधक औषध दिलेलं नाही. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखी भुकटी पडली तर भुंगा. दोघांवरचे उपाय वेगळे, त्यामुळे कीटकनाशकवाल्याला बोलावण्याआधी एवढं तरी पाहून ठेवावं.

लाकडाची जात हाही एक प्रश्न असतो. पूर्वी दुकानदाराने 'गर्जन' म्हटलं की बोलणं संपायचं. हे लाकूड मोठ्या प्रमाणात म्यानमारहून यायचं. त्या देशाने एप्रिल २०१४पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, आणि आपल्याकडच्या प्लायमध्ये निलगिरी, पॉप्लर यांचा वाटा वाढला. ती लाकडं वाईट नाहीत. पण वरच्या लालसर थरावरून आतल्या तेरा थरांची जात ओळखणं म्हणजे करंजीच्या पारीवरून सारण ओळखणं. फळी कापून घ्या आणि कड बघा: थरांमध्ये पोकळी आहे का, एक थर दुसऱ्यावर चढलाय का. दुकानदार कापायला नाही म्हणाला तर तुमच्या घरी सुताराने कापलेल्या पहिल्या फळीची कड बघा, उरलेला माल परत करता येईल तोवर. आयएसआय चिन्हाखाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो. फळीवर नुसतं 'आयएसओ' छापलेलं असेल तर ते आयएसआय नव्हे. हा घोळ खूप जणांचा होतो, माझाही झाला होता.

रेनकोट घातला, बटणं उघडी

आता सुताराच्या वाक्याकडे येऊ. प्लायवर आपण सनमायका लावतो. बोलीतला सनमायका म्हणजे लॅमिनेट, सुमारे १ मिलिमीटरचा कडक पातळ पत्रा. त्यातून पाणी जात नाही. म्हणजे प्लायच्या पोटा-पाठीला रेनकोट झाला. पण फळीला आणखी चार बाजू असतात, त्या म्हणजे कडा. आणि कडेवरच कापलेल्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. मोळीची तोंडं.

समोर दिसणाऱ्या कडेला पट्टी लागते, कारण ती दिसते. दाराच्या खालच्या कडेला कोण वाकून बघतो? ओट्याखालच्या दारांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. पाच घरांपैकी तीनमध्ये बोटाला कुसळ टोचेल, अशी माझी आपली मोजणी, शास्त्रीय नव्हे. आणि भांडी घासताना उडालेलं पाणी दारावरून ओघळून थेंब होऊन लोंबतं ते नेमकं त्याच कडेवर.

भोकं तर कुणाच्याच हिशेबात नसतात. पाइपचं भोक, गॅसच्या नळीचं, मिक्सरच्या वायरचं. सगळं सामान बसवून झाल्यावर, शेवटच्या दिवशी, प्लंबर येतो आणि होल-सॉ, म्हणजे भोक पाडायची गोल करवत, मारून जातो. सुतार तोवर दुसऱ्या साइटवर. त्या भोकाच्या आतल्या कडेला ना सनमायका, ना पट्टी, ना साधा रंगाचा हात. वर सिंकचा सांधा महिन्यातून दोन थेंब गळतो. दोन थेंब काहीच नाहीत, पण ते नळीच्या तोंडातच पडतात. माझ्याकडे हे सात वर्षं चाललं होतं.

तिसरी उघडी जागा म्हणजे कपाटाची पाठ. भिंतीकडची बाजू दिसणार नाही म्हणून तिथे पातळ प्लाय कोराच ठोकतात. ती भिंत बाथरूमची असेल किंवा पावसाचा मारा खाणारी असेल तर पाठ वर्षातले चार महिने ओल पीत बसते. पैठणीला कुबट वास येतो तेव्हा आपण डांबरगोळ्या वाढवतो. खरं तर आधी भिंतीची गळती थांबवायची, मग पाठीला दोन्हीकडून लेप द्यायचा आणि भिंतीपासून बोटभर जागा सोडायची. कपाट भिंतीला चिकटलेलं छान दिसतं, पण हवा फिरायला जागा राहत नाही.

सनमायका एकाच बाजूला लावला तर दार वाकडं होतं, तेही याच कारणाने. उन्हात पापड वाळत घातला की वरची बाजू आधी आक्रसते आणि पापड वळतो. दाराची एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असेल तर ओल एकाच बाजूने आत-बाहेर करते, आणि सहा फुटी दार पावसाळा संपेस्तोवर धनुष्य होतं. म्हणून आतून स्वस्तातला का होईना, सनमायका हवाच.

कडप्प्याच्या ओट्यातलं शहाणपण

मुंबई-पुण्याच्या जुन्या स्वयंपाकघरांत ओटा कडप्प्यावर उभा असायचा. आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा काळा चुनखडी दगड. त्याचेच उभे-आडवे कप्पे, वर ओटा, आणि कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या. लाकूड काय ते फक्त दाराला. फरशी धुतली, मोरी तुंबली, सिलिंडरखाली पाणी गेलं, तरी दगडाला काही होत नसे. दारं दहा-बारा वर्षांनी बदलायची, सांगाडा तसाच.

आता कडप्पा तोडून सगळा बॉक्स प्लायचा करतात. आतून सुबक दिसतो, काही इंच जागा वाचते, हे मान्य. पण दारांना मिळणारं पाणी आता सांगाड्यालाही मिळू लागलं. आमच्या इमारतीत तीन घरांनी चांगला कडप्पा फोडून 'मॉड्युलर' केलं. मला विचारलं असतं तर मी निदान सिंकखालचा तरी ठेवा म्हटलं असतं. बॉक्सच करायचा असेल तर तो जमिनीवर टेकू नये. खाली चार इंची प्लास्टिकचे पाय आणि पुढे काढता येणारी पट्टी लावावी, म्हणजे दिवाळीची फरशीधुणी बॉक्सपर्यंत पोचत नाही आणि झुरळांचा तपासही करता येतो.

"पण आमच्या आजीचं फडताळ ८० वर्षं टिकलं!"

टिकलं असेल. ते सागाच्या गाभ्याचं होतं, ज्यात नैसर्गिक तेल असतं आणि वाळवी सहसा जात नाही. त्याला पाय होते, ते भिंतीला खिळलेलं नव्हतं, आणि सांधे खाच-जिभेचे होते, लाकूड फुगलं-आक्रसलं तरी सांभाळून घेणारे. मुख्य म्हणजे त्याच्या वरून पाण्याचा पाइप जात नव्हता. आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: जी फडताळं मोडली ती आज दाखवायला नाहीत, ती बंबात गेली.

आज 'सागवान' म्हणून मिळणाऱ्या लाकडात बाहेरचा पांढरट भाग बराच असतो, आणि तो वाळवीला गाभ्याइतका कडू लागत नाही. शिवाय सलग लाकडाचं दोन फूट रुंद दार विदर्भातल्या मे महिन्यात तडकेल आणि कोकणातल्या जुलैत अडकेल. चौकट, पलंग, खुर्चीला सागवान जरूर वापरा. भिंतभर कपाटाच्या पल्ल्यांना प्लायच बरा.

फळी का वाकते, स्क्रू का निघतो

सगळाच दोष पाण्याचा नसतो. पुस्तकांची फळी मधोमध वाकते तेव्हा आपण प्लायला नावं ठेवतो. गणित असं आहे: फळीवर सगळीकडे सारखीच पुस्तकं असतील आणि टेकूंमधलं अंतर दोनाचं तीन फूट केलं, तर वाक दीडपट नाही, पाचपट होतो. उलट जाडी १२वरून १८ मिलिमीटर केली तर फळी तिप्पटीहून जास्त ताठ होते. म्हणजे महाग प्लाय घेण्यापेक्षा मधे एक उभी फळी घालणं स्वस्त आणि खात्रीचं. तांदळाच्या डब्यांसाठी हेच.

बिजागरीचा स्क्रू निघाला की सुतार एक जुनी युक्ती करतात. भोकात फेव्हिकॉल आणि आगपेटीची काडी घालतात, काडी तोडतात आणि स्क्रू पुन्हा फिरवतात. प्लायमध्ये हे वर्षानुवर्षं चालतं, कारण भोकाच्या बाजूने धरून ठेवायला थर असतात. पार्टिकल बोर्डात भोकाभोवती भुसाच उरतो, काडी कशाला धरणार? घडवून घेतलेलं फर्निचर पुन्हा पुन्हा दुरुस्त होतं, हा त्याचा खरा फायदा मला इथे दिसतो.

रोज वीस वेळा उघडणारा चमच्यांचा खण वर्षाला ७,३०० वेळा सरकतो, दहा वर्षांत ७३ हजार. खण ज्यावर सरकतो ते चॅनेल आणि दारांच्या बिजागऱ्या यांवर कंजुषी करून प्लायवर उधळू नये. समुद्राकाठी स्टील घेताना ३०४ या प्रतीचं मागा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, ओरिजिनल." स्वस्तातलं २०२ सुद्धा सहसा चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळतं. चुंबकाच्या खेळावर जाऊ नका, बिलावर ३०४ लिहून घ्या.

मग कारखान्याचं चांगलं की सुताराचं?

कडेच्या पट्टीबाबत कारखाना पुढे आहे, हे कबूल करायला हवं. तिथलं यंत्र गरम डिंक आणि सारखा दाब देऊन पट्टी चिकटवतं. साइटवर सुतार हाताने फेव्हिकॉल लावून चिकटपट्टीने बांधून ठेवतो. घाईत असेल तर कोपरे सुटतात. पण आपल्या इमारतींत एक भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल तर शपथ. कारखान्याचा चौकोनी बॉक्स वाकड्या भिंतीत बसवताना कुठेतरी कापावाच लागतो, आणि तिथे पुन्हा कच्ची कड तयार होते. हल्ली फळ्या कारखान्यात कापून, पट्टी मारून आणायच्या आणि घरी सुताराने जोडायच्या असा मधला मार्ग बरेच जण घेतात. मला तोच पटतो.

"आमच्याकडे प्लायची आयुष्यभराची वॉरंटी आहे" हे ऐकलं की वॉरंटीचा कागद मागून वाचा. बहुतेकदा ती फक्त फळीपुरती असते: थर सुटले किंवा वाळवी लागली तर नवी फळी. सनमायका, मजुरी, बिजागऱ्या, ओटा उचलण्याचा खर्च त्यात नसतो. आणि आत सतत पाणी गेलं असेल तर वाद तिथेच सुरू होतो.

सिंकखाली प्लाय नकोच, प्लास्टिकमिश्रित डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी बोर्ड लावू, असंही विचारतात. सिंकखाली जरूर लावा, तो फुगत नाही. पण स्क्रू तितका घट्ट धरत नाही, लांब फळी वजनाने वाकते आणि शेगडीच्या धगीजवळ तो नको. सगळं घर त्याचं करण्यात अर्थ नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी मी आता अर्धा तास मागून घेते. सगळे खण बाहेर काढते, टॉर्च लावते, दारांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवते, प्रत्येक पाइपच्या भोकात डोकावते. सुताराला राग येतो, चहा दिला की जातो.

माझ्या त्या फळीचा कुजलेला भाग कापून सुतारांनी नवा तुकडा बसवला. प्लंबरला त्याच दिवशी बोलावून भोक पाडून घेतलं, मग भोकाच्या आत बोटाने इपॉक्सी फासलं, वाळू दिलं, पाइप घातला आणि भोवती सिलिकॉनची गोल रेघ ओढली. इपॉक्सी आणि सिलिकॉन मिळून साडेचारशे रुपयांचं सामान लागलं. निघताना फुगलेला तुकडा ते पिशवीत टाकत होते. तो मी मागून घेतला.